मेट्सचा हिवाळा: आलोन्सो, डियाझ, निम्मो तिघंही गेले, आणि म्हणे बचाव सुधारला

फ्लशिंगकर | २५ जानेवारी २०२६

क्रिकेटच्या धाग्यावर मेट्सचं रडगाणं लावलं की लोक हाकलतात, म्हणून वेगळा धागा काढतेय. बेसबॉल न बघणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, भांडण कळण्यापुरती माहिती देते.

न्यूयॉर्कचे संघ दोन. ब्राँक्समधले यांकीज, ज्यांच्या टोप्या पुण्यात रस्त्यावरही मिळतात, आणि क्वीन्समधले आमचे मेट्स. १९६२ साली सुरू झाले, १९६९ आणि १९८६ अशी दोनदा वर्ल्ड सिरीज (लीगची अंतिम मालिका) जिंकले, बाकी सगळा काळ आशेवर. २०२० मध्ये स्टीव्ह कोहेन या अब्जाधीशाने संघ विकत घेतला आणि पैशाची चणचण हा विषय संपला. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले. कुठल्याही खेळात तोवर एवढं मोठं कॉन्ट्रॅक्ट झालं नव्हतं.

मागच्या सीझनमध्ये १२ जूनला आम्ही ४५-२४ होतो (४५ जिंकल्या, २४ हरल्या), अख्ख्या मेजर लीगमध्ये अव्वल. तिथून पुढे ३८-५५. शेवटच्या दिवशी मायामीत जिंकलो असतो तरी प्लेऑफमध्ये होतो, कारण सिनसिनाटीही त्या दिवशी हरले. आम्ही ४-० ने हरलो. दोघंही ८३-७९, आपसातल्या सामन्यांत सिनसिनाटी वरचढ, म्हणून ते आत आणि आम्ही घरी.

एवढं झाल्यावर काहीतरी बदलणार हे उघड होतं. पण डेव्हिड स्टर्न्स (संघबांधणीचे सर्वेसर्वा, लहानपणापासून मेट्सचे भक्त, २०२३ पर्यंत मिलवॉकीत) यांनी बदल केला नाही, मुळासकट उपटलं.

नोव्हेंबरमध्ये ब्रँडन निम्मोला टेक्ससला दिला आणि बदल्यात मार्कस सिमियन घेतला. निम्मो म्हणजे २०११ साली वायोमिंगमधून उचललेला पोरगा. त्याच्या राज्यात शाळेचे बेसबॉल संघसुद्धा नव्हते. वॉक (चार बॉल चुकीचे पडले की फुकट मिळणारा फर्स्ट बेस) मिळाला की फर्स्ट बेसकडे हसत पळत सुटायचा. कॉन्ट्रॅक्टमध्ये नकाराधिकार होता, तो त्याने सोडला.

डिसेंबरमध्ये एडविन डियाझ डॉजर्सकडे गेला, ३ वर्षं, ६ कोटी ९० लाख. लागोपाठ दोन वर्षं जिंकलेल्या संघाला क्लोजर (शेवटी येऊन मॅच मिटवणारा पिचर, म्हणजे आपला बोलर) तेवढा हवा होता, तो आमचा मिळाला. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला त्याच्या आगमनाची ट्रम्पेट वाजायला लागली की सिटी फील्डचे चाळीस हजार लोक उभे राहायचे. मागच्या वर्षी त्याचा इआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितका कमी तितका चांगला) १.६३ होता.

लगेच पुढच्या दिवशी पीट आलोन्सो बाल्टिमोरला, ५ वर्षं, साडेपंधरा कोटी. मेट्सच्या इतिहासात सर्वाधिक होमरन (आपल्या सिक्सरसारखे) याचे, २६४. डॅरिल स्ट्रॉबेरी या जुन्या खेळाडूचा २५२ चा रेकॉर्ड ऑगस्टमध्येच मोडला होता. मागची दोन वर्षं एकही मॅच चुकवली नाही, १६२ पैकी १६२. मागच्या सीझनला ३८ होमरन, १२६ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा). मेट्सनी पाच वर्षांची तयारी दाखवलीच नाही.

मग जेफ मॅकनील, २०२२ चा बॅटिंग चँपियन, तोही ॲथलेटिक्सला देऊन टाकला. मुलाच्या कपाटात २०, ९ आणि ३९ नंबरचे तीन शर्ट (आलोन्सो, निम्मो, डियाझ) लटकतायत, त्यांचं काय करायचं ते स्टर्न्सनी सांगितलेलं नाही.

आता मुद्दा. कारण काय दिलं? आपण धावा फार देतो, बचाव (म्हणजे फील्डिंग) सुधारायचा आहे. ठीक. सिमियन सेकंड बेसवर गोल्ड ग्लव्हवाला (उत्तम फील्डिंगचं बक्षीस) आहे, तिथे खरंच फरक पडेल. पण बाकीचं बघा. आलोन्सोच्या जागी फर्स्ट बेसला कोण? होर्हे पोलांको. आयुष्य शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) आणि सेकंड बेसवर गेलं, मागच्या वर्षी सिॲटलकडून बहुतेक वेळ नुसती बॅटिंग केली. फर्स्ट बेसचा अनुभव नसल्यात जमा. थर्ड बेसला कोण? बो बिशेट. उत्तम बॅटर, मागच्या वर्षी ॲव्हरेज .३११. पण तो शॉर्टस्टॉप, तिथेही त्याचा बचाव तळाच्या लोकांत मोजला जातो, आणि मेजर लीगमध्ये थर्ड बेस तो कधीच खेळलेला नाही. म्हणजे बचाव सुधारायचा म्हणून इनफिल्डच्या दोन्ही टोकांना दोन नवशिके उभे करायचे. आणि ज्या ब्रेट बेटीने धडपडून थर्ड बेस शिकून घेतलं त्याला सांगायचं, तू आता फर्स्टला बघ, आउटफिल्डला बघ, कुठेही बघ.

त्यामुळे बचावाची गोष्ट मला पटत नाही. खरं कारण नव्या आलेल्यांच्या कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांमध्ये दिसतं. बिशेट ३ वर्षं, तेही दर वर्षाअखेर सोडून जायची मुभा. नवा क्लोजर डेव्हिन विल्यम्स ३. सिमियनची उरलेली ३. पोलांको २. पिचर ल्यूक वीव्हर २. आउटफिल्डर लुइस रॉबर्ट यंदाचं १ आणि पुढचं वाटलं तर. पिचर फ्रेडी पेराल्टा फक्त १. हा अकरा महिन्यांच्या भाडेकराराचा संघ आहे. आलोन्सोने पाच वर्षं मागितली, निम्मोची पाच उरली होती, म्हणून दोघं गेले. पस्तिशीच्या खेळाडूला पैसे मोजायचे नाहीत, एवढंच धोरण आहे. धोरण वाईट आहे असंही माझं म्हणणं नाही. पण मग तसं सरळ सांगा. आलोन्सोच्या ग्लव्हवर कशाला ढकलता?

---

आकडेमोड | २५ जानेवारी

आलात का रडत! (ह.घ्या.)

फ्लशिंगकर, तुम्ही १२ जूनचा उल्लेख केलात पण त्या दिवशी काय घडलं ते सोयीस्करपणे गाळलंत. मी सांगतो. वॉशिंग्टनविरुद्ध मॅच, सहावी इनिंग, कोडाई सेंगा पिचिंग करतोय, इआरए १.४७. फर्स्ट बेसच्या बाजूला साधा ग्राउंडर (जमिनीवरून सरपटत आलेला बॉल). आलोन्सोने उचलला, सेंगा बेस कव्हर करायला धावला. लहान मुलानेही करावा असा थ्रो. तो आलोन्सोने उंच फेकला. सेंगाने हवेत उडी मारून झेलला, पाय ताणून बेसवर टेकवला, आउट केला आणि तिथेच हॅमस्ट्रिंग धरून खाली बसला. परतला तो वेगळाच सेंगा होता, सप्टेंबरमध्ये मायनर (खालच्या) लीगमध्ये जाऊन सराव करायची वेळ आली. ४५-२४ पासून पुढची घसरगुंडी तिथून सुरू झाली.

एका थ्रोवरून माणसाला फासावर देऊ नये हे मान्य. पण आलोन्सो फेकायला लागला की पिचरच्या पोटात गोळा यायचा हे सात वर्षं सगळ्यांनी पाहिलंय. त्या जागी पोलांको नवखा असला तरी हात इनफिल्डरचा आहे.

दुसरं, पैसे. पगाराची बेरीज ३० कोटी ४० लाखांच्या वर गेली की कोहेनना वरच्या प्रत्येक डॉलरवर लीगचा ११० टक्के टॅक्स बसतो, कारण ते वर्षानुवर्षं हद्द ओलांडतायत. म्हणजे आलोन्सोचे वर्षाचे ३ कोटी १० लाख हे प्रत्यक्षात साडेसहा कोटी. वयाच्या ३५ व्या वर्षी, पाय जड झालेल्या फर्स्ट बेसमनला? मी नसते दिले.

---

फ्लशिंगकर | २५ जानेवारी

@आकडेमोड, सेंगाचा थ्रो मी विसरले नाहीये, त्या रात्री टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. पण जूननंतर फक्त सेंगाच गेला का? मनाया, कॅनिंग, सगळं पिचिंगच कोसळलं. त्याला फर्स्ट बेसमन काय करणार?

आणि टॅक्सचं गणित करायचंच तर सगळ्यांचं करा ना. बिशेटला वर्षाचे ४ कोटी २० लाख. तुमच्याच हिशोबाने टॅक्ससकट ८ कोटी ८२ लाख. तिथे कोहेनच्या खिशाला भोक पडत नाही? म्हणजे पैसा अडचण नव्हताच. वर्षं अडचण होती. मी तेच तर म्हणतेय.

---

यांकी_पाटील | २५ जानेवारी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

एकच गोष्ट सांगतो, डेव्हिन विल्यम्सबद्दल. मागच्या हिवाळ्यात आम्हीच त्याला मिलवॉकीहून वाजतगाजत आणला. आमच्याकडे १९७० च्या दशकापासून दाढीबंदी होती, ती नेमकी त्याच फेब्रुवारीत उठली, तो दाढीसकट आला. एप्रिल संपायच्या आत क्लोजरचं काम काढून घ्यावं लागलं. वर्षाअखेर इआरए ४.७९. ब्राँक्समध्ये त्याच्या नावाने झालेली बोंबाबोंब तुमच्या क्वीन्सपर्यंत ऐकू आली असेल.

तोच आता तुमच्याकडे ३ वर्षं, ५ कोटी १० लाख. वीव्हरही आमचाच. आमचं उरलंसुरलं गोड मानून घेताय, आभारी आहे.

---

डावखुरा | २६ जानेवारी

पाटील, हसून घ्या. विल्यम्सचे स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं) बघितलेत का? ६२ इनिंगमध्ये ९०. हात शाबूत आहे. तुमच्याकडे नशीब आणि डोकं दोन्ही फिरलं होतं.

पण विल्यम्सची खरी गंमत वेगळी आहे आणि ती अजून इथे कुणी काढली नाही याचं आश्चर्य वाटलं. ३ ऑक्टोबर २०२४, मिलवॉकी, वाइल्ड कार्डची (प्लेऑफच्या पहिल्या फेरीची) तिसरी मॅच. जो हरेल तो घरी. नववी इनिंग, मेट्स ०-२ ने मागे, समोर विल्यम्स. त्याचा चेंजअप (फसवा, हळू बॉल) म्हणजे बॅटच्या आसपास येऊन हवेत विरघळतो. आपल्या लिंडोरने झगडून वॉक काढला. व्हिएंटोस स्ट्राइकआउट. निम्मोचा सिंगल, लिंडोर थर्डला. मग आलोन्सो. कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, ही त्याची मेट्समधली शेवटची बॅटिंग असू शकते हे सगळ्यांना ठाऊक. काउंट ३-१ (तीन बॉल, एक स्ट्राइक). विल्यम्सने चेंजअपच टाकला, आलोन्सोने तो राइट फील्डच्या भिंतीपलीकडे मारला. ३-२. आम्ही घरात असे किंचाळलो की खालच्या मजल्यावरचे बघायला आले.

आता ज्याने मारला तो बाल्टिमोरला, ज्याने धाव काढली तो निम्मो टेक्ससला, आणि ज्याने होमरन खाल्ला तो आमचा नवा क्लोजर! नियती का काय म्हणतात ते हेच असावं.

---

फ्लशिंगकर | २६ जानेवारी

@डावखुरा, दंडवत. हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, लिहिताना रडू आलं असतं.

---

पुण्याचा_पम्या | २६ जानेवारी

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा आवडला. दोन बाळबोध प्रश्न. हे आयपीएलसारखं लिलावात होतं का? आणि निम्मोला "दिला" म्हणजे काय, त्याला विचारत नाहीत?

---

डावखुरा | २६ जानेवारी

@पम्या, लिलाव नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सर्व्हिस भरली आणि कॉन्ट्रॅक्ट संपलं की खेळाडू मोकळा. त्याला फ्री एजंट म्हणतात. मग त्याचा एजंट संघासंघांत आकडा वाढवत फिरतो. आयपीएलसारखी पगाराची पक्की मर्यादा नाही, फक्त टॅक्स आहे, म्हणून कोहेनसारखे लोक हवं ते करू शकतात.

ट्रेडमध्ये साधारणपणे विचारत नाहीत. सकाळी उठलास की कळतं, आता तू टेक्ससचा. जडेजा चेन्नईहून राजस्थानला गेला तेव्हा त्याची संमती लागली होती, इथे तसं नाही. लीगमध्ये १० वर्षं आणि त्याच संघात सलग ५ झाली असतील, किंवा कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं लिहून घेतलं असेल, तरच नाही म्हणता येतं. निम्मोने लिहून घेतलं होतं.

---

रमाकाकू | २७ जानेवारी

तुम्ही सगळी मुलं आहात, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते.

१९७७ चा जून. आम्ही नवीन नवीन आलो होतो, एल्महर्स्टला एका खोलीत राहायचो. आमच्या ह्यांना ऑफिसातल्या लोकांनी बेसबॉलचं वेड लावलं आणि त्यांनी ते मला. मेट्स म्हणजे टॉम सीव्हर. बाकी कुणाचं नाव माहीत नसलं तरी चालायचं. त्याचं आणि मालकांच्या वतीने कारभार बघणाऱ्या ग्रँट यांचं पगारावरून बिनसलं होतं. तेव्हा ट्रेडची शेवटची तारीख १५ जून असायची. त्या रात्री सीव्हरला सिनसिनाटीला देऊन टाकला, त्याच रात्री किंगमनला सॅन डिएगोला. दुसऱ्या दिवशी सीव्हर पत्रकारांशी बोलता बोलता रडला, पुढचं बोलणं कागदावर लिहून दिलं. आमच्या ह्यांनी दोन दिवस नीट जेवण घेतलं नाही, मला वाटलं ऑफिसात काही झालं.

पुढे काय? ७७, ७८, ७९ तिन्ही वर्षं शेवटचा नंबर. १९७९ मध्ये अख्ख्या सीझनला आठ लाख लोकसुद्धा शे स्टेडियमवर (मेट्सच्या तेव्हाच्या मैदानावर) आले नाहीत. आणि सीव्हरने सिनसिनाटीला गेल्यावर पुढच्याच वर्षी नो-हिटर (एकही हिट न देता अख्खी मॅच) टाकली, जी मेट्सकडून कधी जमली नव्हती.

फ्लशिंगकर, तुझं दुःख कळतं. पण मला हे प्रकरण तसं वाटत नाही गं. तेव्हाची नुसती कंजुषी होती. पैसे वाचवायचे म्हणून देव विकला. आता मालक पैसे ओततोय, फक्त वेगळ्या माणसांवर ओततोय. चिडायचं तर चीड, पण दोन्ही एका मापाने मोजू नकोस.

---

फ्लशिंगकर | २७ जानेवारी

काकू, तुम्ही अजून बघता हे वाचूनच बरं वाटलं. कंजुषी नाही हे मान्यच. पण सीव्हरच्या वेळी निदान लोकांना कळत होतं की राग कुणावर आणि कशासाठी. इथे प्रत्येक निर्णय सुटा घेतला तर बरोबर वाटतो. निम्मोचा पाय धीमा झालाय, बरोबर. डियाझ बत्तिशीत आलाय, बरोबर. आलोन्सोचा थ्रो, बरोबर. मॅकनीलला जागा नाही, बरोबर. आणि चार बरोबर निर्णयांनंतर उघडून बघावं तर ओळखीचा माणूस नाही.

---

आकडेमोड | २७ जानेवारी

ओळखीचा माणूस नाही? लिंडोर कोण? सोटो कोण? पिचर नोलन मॅकलीन तर आपल्याच शेतीतला, आपल्या मायनर लीगमध्ये घडलेला. ऑगस्टमध्ये आला, ८ मॅचमध्ये इआरए २.०६. तरुण आउटफिल्डर कार्सन बेंज येऊ घातलाय. जुनी माणसं गेली की घर रिकामं होतं असं नाही.

आणि जुन्या मंडळींनी काय जिंकून दिलं ते पण सांगा की. आलोन्सो, निम्मो, डियाझ, मॅकनील, लिंडोर पाचही जण २०२१ पासून एकत्र. त्या पाच वर्षांत आपल्या डिव्हिजनमध्ये (गटात) एकदाही पहिले आलो नाही. २०२२ मध्ये १०१ मॅच जिंकूनही ॲटलांटाने मागे टाकलं. २०२४ चा ऑक्टोबर सोडला तर पदरात काय? तोच संघ पुन्हा उभा केला असता तर याच धाग्यावर तुम्ही लिहिलं असतं की स्टर्न्स झोपलेत का.

---

फ्लशिंगकर | २७ जानेवारी

लिहिलं असतं! नक्की लिहिलं असतं. प्रेक्षकाने सुसंगत राहायचं असा काही नियम नाहीये, त्याचे पैसे स्टर्न्सना मिळतात.

---

यांकी_पाटील | २७ जानेवारी

हे मात्र +१.

---

कोपरगाव_ते_क्वीन्स | २८ जानेवारी

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही.

मला डियाझचं जास्त लागलं. आलोन्सोबद्दल निदान दोन वर्षं चर्चा होती, मन तयार होतं. मागच्या हिवाळ्यातही तो जातो जातो म्हणत शेवटी दोन वर्षांच्या करारावर आला आणि एका वर्षात मोकळा झाला. पण डियाझ राहील असं गृहीत धरलं होतं. मेट्सनी त्याला तीन वर्षंच देऊ केली होती, डॉजर्सपेक्षा थोडीशी कमी रक्कम. फरक किरकोळ होता. म्हणजे इथे फ्लशिंगकरताईंचा वर्षांचा सिद्धांत बसत नाही. त्याला बहुतेक जिंकणाऱ्या संघात जायचं होतं, आणि आधी विल्यम्सला आणून ठेवल्यामुळे त्याला काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक.

फ्री एजंट काइल टकरचंही तेच. आपण चार वर्षांची ऑफर घेऊन उभे, आणि तो चार वर्षं, २४ कोटींवर डॉजर्सकडे. मग दुसऱ्याच दिवशी बिशेट. मला तर वाटतं बिशेट ही योजना नव्हतीच, टकर हुकल्यावर जो सर्वांत चांगला बॅटर दुकानात उरला होता तो उचलला. थर्ड बेस वगैरे नंतर सुचलेलं. बचावाचं धोरण तिथेच बारगळलं.

अवांतर: मॅचच्या आधी बाऊन स्ट्रीटच्या गणपतीच्या देवळातल्या कँटीनमध्ये डोसा खाऊन जाणारे इथे किती आहेत?

---

डावखुरा | २८ जानेवारी

हात वर. मग सात नंबरची सबवे पकडून एका स्टॉपवर विलेट्स पॉइंट. आतल्या बर्गरच्या भावात देवळात चार जण जेवतात.

बिशेटबद्दल तुमचा अंदाज पटला. पण हुकलेल्या गोष्टीतून चांगलं निघतं कधी कधी. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचमध्ये, दुखऱ्या गुडघ्यावर, ओहतानीला तीन रनचा होमरन मारणारा माणूस आहे तो. त्याचा तेव्हाचा संघ टोरोंटो शेवटी हरला ही गोष्ट वेगळी. असा माणूस उभा राहायला मिळत असेल तर त्याला थर्ड बेस काय, मी बर्गर विकायलाही ठेवेन.

---

फ्लशिंगकर | २८ जानेवारी

@कोपरगाव_ते_क्वीन्स, डियाझबद्दलचा मुद्दा नीट आहे. तो वर्षांमुळे गेला नाही. पण क्रम बघा. आधी विल्यम्सला घेतलं, मग डियाझशी शेवटचं बोलणं. ज्याच्या जागी माणूस आधीच बसवलाय त्याने का थांबावं? त्यातही स्टर्न्सना स्वतःचे जुने लोक जवळचे वाटतात असं दिसतं. विल्यम्स मिलवॉकीचा. पेराल्टा मिलवॉकीचा. त्याच्याबरोबर टोबायस मायर्स आला, तोही मिलवॉकीचा. आम्हाला सांगायचं भावनेत अडकू नका आणि आपण आपल्या जुन्या गावची माणसं आणायची!

---

आकडेमोड | २८ जानेवारी

पेराल्टावर बोट ठेवू नका हां. नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त विजय, १७. इआरए २.७०. २०४ स्ट्राइकआउट. आणि २०२६ चा पगार किती? ८० लाख डॉलर! बिशेट दोन-अडीच महिन्यांत तेवढे उडवेल. मागच्या वर्षी जूननंतर आपल्याकडे सहा इनिंग टाकणारा माणूस शोधावा लागत होता. या हिवाळ्यातला सर्वांत शहाणा सौदा हाच.

---

डावखुरा | २९ जानेवारी

सौदा शहाणा, पण स्वस्त नाही. बदल्यात दिले जेट विल्यम्स आणि ब्रँडन स्प्रोट, दोन्ही आपल्या पाइपलाइनमधले (तयार होत असलेल्या तरुणांतले) वरचे. आणि पेराल्टा या सीझननंतर फ्री एजंट. नोव्हेंबरमध्ये तो मोकळा झाला आणि डॉजर्सनी पुन्हा चेकबुक काढलं तर?

त्यात १ डिसेंबर २०२६ ला खेळाडू आणि मालकांमधला सामूहिक करार संपतोय. टाळेबंदी होणार असं सगळे धरून चाललेत. पगाराला पक्की मर्यादा आणायचा मालकांचा विचार आहे. मला वाटतं स्टर्न्स छोट्या करारांवर अडून बसलेत त्याचं मोठं कारण हेच. उद्याचे नियम काय असतील ते माहीत नसताना लांबची बिलं कोण अंगावर घेणार? ताईंना भाडेकरार दिसला, मला त्यात सावधपणा दिसतो.

---

रमाकाकू | २९ जानेवारी

टाळेबंदीचं नाव काढू नका. १९९४ ला ऑगस्टमध्ये खेळाडूंच्या संपाने खेळ बंद पडला आणि वर्ल्ड सिरीजच झाली नाही. ह्यांनी तो अख्खा ऑक्टोबर घरातले नळ दुरुस्त करण्यात घालवला. एकही नीट झाला नाही.

---

पुण्याचा_पम्या | ३० जानेवारी

प्रतिसाद वाचून वाचून निम्मो माझाही लाडका झालाय, एकही मॅच न बघता. पहिली मॅच कधी? आणि नव्या माणसाने बघायला बसलं तर मेट्सकडे नेमकं काय बघायचं?

---

फ्लशिंगकर | ३० जानेवारी

@पम्या, २६ मार्च, सिटी फील्डवरच, पायरेट्सविरुद्ध. तोपर्यंत तुमचा टी-ट्वेंटी वर्ल्ड कपही संपलेला असेल, म्हणजे निमित्त सांगता येणार नाही. पायरेट्सचा पॉल स्कीन्स पिचिंगला असला तर मेट्सकडे बघूच नकोस, त्यालाच बघ. मागच्या वर्षीचा साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) विजेता आहे.

मेट्समध्ये दोन जागा बघ. थर्ड बेस: लाइनीलगतचा जोरात आलेला ग्राउंडर बिशेट कसा घेतो आणि तिथून फर्स्टपर्यंत कसा फेकतो. शॉर्टस्टॉपपेक्षा बॉल लवकर अंगावर येतो, विचार करायला वेळ नसतो. आणि फर्स्ट बेस: इनफिल्डरने जमिनीत टाकलेला थ्रो पोलांको उचलतो का. आलोन्सो फेकायला कच्चा होता हे आकडेमोड दहा वेळा सांगतील, पण मातीत आपटलेले थ्रो उचलण्यात तो पक्का होता. लिंडोरच्या किती एरर त्याने वाचवल्या याचा हिशोब यंदा आपोआप लागेल.

@डावखुरा, सावधपणा म्हणा हवं तर. त्याची परीक्षा सोपी आहे. पेराल्टा तिशीत पोचतोय, पाच-सहा वर्षं मागणार, आणि मिळायलाही हवीत. ती वर्षं त्याला टाळेबंदीच्या आधी दिली, तर मी म्हणेन की आलोन्सोच्या वेळी खरंच खेळाडू बघून निर्णय घेतला होता. नाही दिली, तर ज्याने १७ मॅच जिंकल्या तोही भाडेकरूच.

---

आकडेमोड | ३० जानेवारी

पिचरला सहा वर्षं? तिशीनंतर? पहिल्या बेसमनला पाच देऊ नयेत म्हणणाऱ्या माझ्याकडून तुम्ही हे वदवून घेणार नाही.

---

फ्लशिंगकर | ३० जानेवारी

बघा, म्हणजे तुम्हीही स्टर्न्सच. मग पुढच्या जानेवारीत पेराल्टाच्या नावाने नवा धागा तुम्ही काढा, मी प्रतिसाद देईन.

---

यांकी_पाटील | ३० जानेवारी

आणि तो तोवर ब्राँक्समध्ये असेल. दाढी चालते आता आमच्याकडे.